टर्मिनलकाका

आमच्या सोसायटीत ज्याचा प्रिंटर बंद पडतो, तो आधी तासभर प्रिंटरशी भांडतो, मग तो प्रिंटर घ्यायला ज्याने सुचवलं त्या मेव्हण्याशी फोनवर भांडतो, आणि अगदीच इलाज खुंटला की बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन टर्मिनलकाकांची बेल दाबतो. काका लगेच येतात. पैसे घेत नाहीत. प्रिंटर चालूही करून देतात. तरी लोक त्यांच्याकडे जायला कचरतात, कारण प्रिंटर चालू होईपर्यंत इतिहास ऐकावा लागतो. आणि तो इतिहास प्रिंटरपासूनच सुरू होत असल्यामुळे विषय बदलायलाही वाव नसतो.

"अमेरिकेत एमआयटीमध्ये, १९८० च्या सुमारास, असाच कागद अडकायचा," काका ट्रे बाहेर ओढत म्हणतात.

कागद तिकडे अडकायचा हे खरं आहे. झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर प्रयोगशाळेत आला होता. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणाने एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली आहे त्यांना तसा निरोप जायचा, आणि कोणीतरी उठून कागद काढायचा. नव्या प्रिंटरमध्ये तीच सोय करायची तर त्याचा सोर्स कोड हवा, आणि तो कंपनीने दिलाच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो आहे असं कळल्यावर स्टॉलमन तिथे गेला. तो गृहस्थ म्हणाला, देणार नाही, मी तसं लिहून दिलंय.

"लिहून दिलंय!" इथे काका ट्रे मांडीवर आपटतात. "शेजाऱ्याला विरजण देणार नाही असं कोणी लिहून देतं का?"

मग १९८३ च्या सप्टेंबरात मुक्त सिस्टिम बनवायच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा, १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, १९८९ साली जीपीएल हा परवाना. काका स्टॉलमनचा उल्लेख नेहमी एकेरीत करतात, पण तो विठोबाचा करतात तसला एकेरी. १९९१ साली हेलसिंकीचा लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी, वय वर्षं एकवीस, कथेत प्रवेश करतो आणि आपण लिहीत असलेली ऑपरेटिंग सिस्टिम हा निव्वळ छंद आहे, फार मोठं काही होणार नाही असं जगाला कळवतो, तोवर आपला चहा निवलेला असतो. आपण मध्येच "म्हणजे हेच ते लिनक्स ना?" असं विचारलं की संपलंच. "ग्नू-लिनक्स म्हण," काका म्हणतात. "बाळंतपण एकीने केलं आणि बारशाला नाव दुसरीचं, असं चालणार नाही."

काका एका कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणकाच्या, खात्यातून निवृत्त झाले. ईडीपी हा शब्द आता गेला, पण त्या काळी कंपनीत एसी असलेली ती एकच खोली असे आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत युनिक्सचं मशीन आणि त्याला जोडलेली काळ्या पडद्याची, हिरव्या अक्षरांची टर्मिनल्स. काका आजही संगणकापुढे बसताना चपला काढतात. पडदाही काळाच आणि अक्षरंही हिरवी. लग्नानंतरची पहिली काही वर्षं काकूंना वाटायचं, नवरा कामावर दिवसभर बिघडलेला टीव्ही दुरुस्त करतो. माउस म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी केलेली अंगठ्याची सोय आहे, असं काकांचं मत आहे. लॅपटॉप जुनाट थिंकपॅड, तपकीर गल्लीतून आणलेला. त्याच्या झाकणावर पेंग्विनचा स्टिकर आहे, आणि तसाच एक स्कूटरच्या डिकीवर. झाकण उघडल्यावर अर्धी बटणं कोरी दिसतात. अक्षरं झिजून गेली आहेत, त्यामुळे तो लॅपटॉप चोरीला जायची भीती नाही. एकदा काका बाहेर गेले असताना भाच्याने त्यांचा व्हीआय हा एडिटर उघडला. त्यातून बाहेर पडायचं कसं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि संध्याकाळी काका परत येईपर्यंत तो बिचारा तसाच बसून होता.

काकांचं आयुष्यातलं मोठं दुःख एका शब्दाचं आहे. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे स्वतंत्रही आणि विनामूल्यही, त्यामुळे तिकडच्या लोकांना आपली चळवळ समजावून सांगताना जिभेला घाम फुटतो. मराठीत ही अडचण नाही. मुक्त वेगळं, फुकट वेगळं. काकांना वाटलं होतं, निदान महाराष्ट्रात तरी हा विचार पटकन रुजेल. भाषेनेच अर्धं काम करून ठेवलंय. पण काका "मुक्त" म्हणाले की ऐकणाऱ्याच्या कानात "फुकट" हाच शब्द शिरतो, आणि तोही निराश करतो, कारण समोरच्याला दुसरंही फुकटच मिळत असतं.

याची कल्पना नव्या पिढीला यायची नाही. २००० सालच्या आगेमागे पुण्यात संगणक घ्यायचा म्हणजे असेंबल करून घ्यायचा. जोडून देणारा पोरगा बॅगेतून सीडीचं पाकीट काढायचा आणि विचारायचा, "काय काय टाकू?" ऑपरेटिंग सिस्टिम, ऑफिस, फोटोशॉप, मराठी फॉन्ट, दोन गेम आणि वर गीतरामायण. ताकावर जिरं भुरभुरावं तसं सगळं वरून. काका अशा वेळी पोचायचे आणि सांगायचे की आमची सिस्टिम मुक्त आहे. यजमान म्हणायचे, "हीही फुकटच आहे की!" काका म्हणायचे, "ही चोरीची आहे." यजमान म्हणायचे, "मग तर काहीच प्रश्न नाही, विकत घ्यायचीच नाहीये." १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना उघडं पत्र लिहून तक्रार केली होती की तुम्ही आमचं बेसिक विकत न घेता एकमेकांत वाटता. काकांना ते पत्र मुळीच मान्य नाही. पण त्या पोराची सीडी पाहिली की त्यांना गेट्सविषयी क्षणभर कणव यायची, आणि त्या कणवेचा मग आठवडाभर त्रास व्हायचा.

सेक्रेटरींचं आकलन आणखी वेगळं. "ओपन सोर्स म्हणजे उघड वशिलाच ना?" त्यांनी सर्वसाधारण सभेत विचारलं होतं. "आमच्या वेळी सोर्स लावायचे, पण गुपचूप लावायचे." त्यांची हयात सरकारी खात्यात गेली होती. त्यात विनोद नव्हता.

काकांचं तत्त्वज्ञान पाककृतीवरून समजावलं तर लवकर कळतं. जेवण विकत घेतलंत, तर ते कशाने बनलंय हे कळण्याचा, त्यात मीठ वाढवण्याचा आणि शेजारणीला कृती सांगण्याचा तुम्हाला हक्क हवा. हे काका त्यांच्याच दिवाणखान्यात मला समजावत होते तेव्हा आतून काकूंच्या गोड्या मसाल्याचा वास येत होता. तो मसाला अख्ख्या कोथरूडमध्ये कोणाला जमत नाही. मी संधी साधून विचारलं, "काकू, दगडफूल किती घालता?"

"घालते थोडंसं," काकू म्हणाल्या.

"आणि नागकेशर?"

"अंदाजाने."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना तो सोर्स मिळालेला नाही. आंदोलनही केलेलं नाही.

विंडोजवाल्यांशी काकांचं वैर आहे असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. विंडोजवाल्यांकडे ते अज्ञ जीव म्हणून दयेने पाहतात. खरं वैर सी विंगमधल्या आयटीवाल्या पोराशी, जो लिफ्टमध्ये भेटला की उत्साहाने म्हणतो, "काका, आम्हीपण सगळं ओपन सोर्सच वापरतो हं!" झालं. लिफ्ट तळमजल्यावर पोचते, पण काका दारातला पाय काढत नाहीत. १९९८ साली नेटस्केपने आपला ब्राउझर खुला करायचं ठरवलं, तेव्हा कॅलिफोर्नियात काही मंडळी जमली आणि 'फ्री' हा शब्द धंदेवाल्यांना बिचकवतो म्हणून त्यांनी 'ओपन सोर्स' हा नवा शब्द काढला. चांगला माल तयार होतो म्हणून कोड उघडा ठेवा, हे त्यांचं म्हणणं. माल वाईट झाला तरी चालेल पण माणूस स्वतंत्र हवा, हे काकांचं. "मुक्तीतून तत्त्व पिळून काढलं की उरतो तो चोथा म्हणजे ओपन सोर्स," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लिफ्टलाही पाठ झालं असेल. आयटीवाला पोरगा नम्रपणे "हो काका" म्हणतो. त्याच चोथ्यावर त्याच्या फ्लॅटचा हप्ता फिटतो.

मला स्वतःला वाटतं की मुद्द्यांवर काका बहुतेक वेळा बरोबर असतात, आणि म्हणूनच ते असह्य होतात. चुकीच्या माणसाशी वाद घालता येतो.

त्यातून गंमत अशी की काका जिंकलेत. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत एकूण एक लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा असतो. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब, म्हणजे मुक्तवाल्यांचा चावडीचा पारच, साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतला. हे सगळं मी काकांना आनंदाने सांगायला गेलो. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. कुळकायद्याचा दावा तीस वर्षांनी जिंकावा आणि निकालाच्या दिवशी कळावं की जमीन धरणात गेली, तसा चेहरा. "पाया आपलाच आहे रे," ते शेवटी म्हणाले, "पण वरच्या सगळ्या मजल्यांना कुलपं आहेत, आणि किल्ल्या आपल्याकडे नाहीत."

म्हणून काकांकडे स्मार्टफोन नाही. स्टॉलमनही मोबाइल वापरत नाही, असा दाखला ते देतात. पण स्टॉलमनला कोथरूडच्या सोसायटीत राहायचं नसतं. आमच्याकडे उद्या पाणी येणार की नाही, हे फक्त व्हॉट्सॲपवर कळतं. काकांनी सोसायटीला सहा पर्याय सुचवले, त्यांतल्या चारांसाठी आधी सर्व्हर उभारावा लागत होता. शेवटी मध्यममार्ग निघाला. ग्रुपवर निरोप आला की वॉचमन तो पाठकोऱ्या कागदावर उतरवून काकांच्या दाराखालून सरकवतो. काका म्हणतात, ही व्यवस्था कुठल्याही कंपनीच्या मालकीची नाही, ऑफलाइन चालते आणि हिचा आराखडा सगळ्यांना कळतो. काकू तोवर दार लावून आतल्या खोलीत भाजीवाल्याला फोनवरून पैसे पाठवत असतात.

हे सगळं असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं असतं. पण सोसायटीचा पुनर्विकास निघाला. बिल्डरच्या वकिलाने कन्व्हेयन्सबद्दलचा जुना ठराव मागितला. ठराव होता. १९९६ ते २००९ ची सगळी इतिवृत्तं तेव्हाच्या सेक्रेटरींनी हौसेने संगणकावर टाइप करून ठेवली होती आणि जागा खातात म्हणून कागद रद्दीत दिले होते. फाइली सापडल्या. उघडल्या. पहिल्याच ओळीला 'श्री गजानन प्रसन्न' ऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर असा फरसाणाचा ढीग. सेक्रेटरींनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. व्हायरस आहे, असं आयटीवाल्या पोराचं मत पडलं.

काकांना बोलावलं. काकांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू डॉक्टर वीस वर्षं सांगत आलेला रोगच अखेर रोग्याला निघावा.

त्यांनी सांगितलं ते असं. युनिकोड रुळण्याआधी मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. फाइलमध्ये मराठी नसायचंच. असायची इंग्रजी अक्षरंच, आणि प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आपापल्या मर्जीने त्या अक्षरांवर 'क'चा, 'ख'चा, काना-मात्रेचा मुखवटा चढवायचा. एका कंपनीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टात वाचता येत नसे. आमच्या इतिवृत्तांचा फॉन्ट ज्या पॅकेजचा होता, ते चालायला डोंगल लागायचं. ते डोंगल प्रिंटरच्या जुन्या चपट्या पोर्टमध्ये खोचायचं. सेक्रेटरींनी ते जपून ठेवलं होतं, श्रीखंडाच्या डब्यात, सोसायटीच्या शिक्क्याशेजारी. पण तसलं पोर्ट आता संगणकांना सहसा नसतं, आणि पॅकेज बनवणाऱ्यांचा फोन कोणी उचलेना.

"म्हणजे तेरा वर्षांचं मराठी आपण लिहिलं," काका म्हणाले, "आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवली." त्या दिवशी कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

काकांनी पंधरा दिवस घेतले. कुठल्या इंग्रजी अक्षरावर कुठला मराठी तुकडा बसतो याचा तक्ता आधी हाताने केला, मग पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. तक्ता सोपा, खरी मेख क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्याला जशी आधी दिसते तशी आधीच टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे पहिल्या खेपेला सगळे ठराव 'सवार्नुमते' मंजूर झाले, आणि 'कायर्कारी' मंडळाने 'खचार्स' मान्यता दिली. वर्तमानपत्रांच्या जुन्या मजकुरात असे शब्द मी पाहिले होते. मला तेव्हा वाटायचं, उपसंपादक झोपलेत. काका रोज रात्री एकेक रफार पकडून जागेवर नेऊन बसवत होते. उघड्यावर राहिलेली गुरं गोठ्यात बांधावीत तसं. काकू म्हणायच्या, जेवून घ्या, र पळून जात नाही. सगळा मजकूर काकांनी 'मुक्त' नावाच्या फॉन्टमध्ये लावला. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी तो मुक्त परवान्यावर दिलाय, त्यामुळे नावापासूनच काका खूश होते.

चारशे बारा पानं निघाली. वकिलाला हवा तो ठराव पान ३४१ वर सापडला. सोसायटीने काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि भाषणात सेक्रेटरी म्हणाले की काकांनी आपल्याला सोर्स मिळवून दिला. शब्द अखेर बरोबर वापरला गेला.

काकांनी उत्तरादाखल जाहीर केलं की संपूर्ण इतिवृत्त सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकावर सगळ्यांसाठी खुलं राहील. कोणीही यावं, वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी. वाचणारे डोळे जितके जास्त तितक्या चुका लपायला जागा कमी, हा त्यांच्या पंथातला सिद्धांत त्यांनी त्या वेळी सांगितला. आयटीवाल्या पोराला राहवलं नाही. "काका, ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड २०१४ ला सापडला," तो म्हणाला. "त्याआधी दोन वर्षं तो उघड्या कोडमध्येच होता. अर्धं इंटरनेट त्यावर चालत होतं आणि कोणी वाचलंच नाही." काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पेढा उचलला आणि तो मागच्या रांगेत जाऊन बसला.

मी मात्र वाचायला बसलो. माझा तो स्वभावच आहे. मला जुन्या इतिवृत्तांतलं मराठी आवडतं, 'सदर' आणि 'तूर्तास' आणि 'सभासदांनी नोंद घ्यावी'. दोन संध्याकाळी वाचत होतो. पान १८७ वर, १९९९ सालची जुलैतली सभा, ठराव क्रमांक पाच: बी विंगच्या जिन्याशेजारची छताखालची जागा सदर सभासदास पायाचे प्लास्टर निघेपर्यंत तात्पुरती स्कूटरसाठी देण्यात येत आहे. सभासदाचं नाव वाचलं आणि उठून खिडकीतून खाली पाहिलं. बाहेर पाऊस पडत होता. जिन्याशेजारी, छताखाली, कोरडीठाक, पेंग्विनचा स्टिकर लावलेली स्कूटर उभी होती.

पुढे वाचत गेलो. पान २०३ वर ए विंगमधल्या एका सभासदाने परवानगीवाचून गॅलरी बंद करून खोली केल्याची नोंद होती, आणि सदर गॅलरी दोन महिन्यांत पूर्ववत करावी असा ठराव होता. ते सभासद म्हणजे माझे वडील. हा लेख मी त्याच गॅलरीत बसून लिहितोय. इथे उजेड चांगला येतो.

फाइल बंद केली तेव्हा ऑफिसच्या दारात काका उभे होते. चपला बाहेर काढलेल्या. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"वाचतोयस?"

"चाळतोय आपला."

"कुठवर आलास?"

"फार नाही. तुम्ही काका, बदलताना सगळं वाचलं असेल?"

"छे. रफार बघत होतो फक्त. मजकुराकडे कुठलं लक्ष?"

पाऊस वाढला होता. काकांनी एक खुर्ची ओढली आणि बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "फाइल खुलीच आहे. कोणीही वाचू शकतं."

"कोणीही," मी म्हणालो.

"अजून तरी कोणी आलं नाही."

"पानं बरीच आहेत काका."

"चारशे बारा," काका म्हणाले. मग उठून त्यांनी ऑफिसच्या प्रिंटरचं झाकण उघडून पाहिलं, ट्रे ओढला, परत लावला. "याचा रोलर गेलाय बहुतेक. कोणी छापायला घेतलं तर कागद अडकणार."

"दुरुस्त करायचा का?"

"बघू," काका म्हणाले. "गणपती होऊन जाऊ देत."